चाळीस शिलिंगांचं मत : आयर्लंडमधल्या क्लेअर मतदारसंघाचा इतिहास

जुलै १८२८ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, एनिस नावाच्या लहानशा गावात एक पोटनिवडणूक झाली. निकाल लागला २,०५७ विरुद्ध ९८२. आकडे तसे किरकोळ, पण नऊ महिन्यांच्या आत या निकालापुढे ब्रिटनच्या पंतप्रधानाला, गृहमंत्र्याला आणि खुद्द राजाला माघार घ्यावी लागली. कॅथलिक माणसाला संसदेत बसायला मनाई करणारा, दीडशे वर्षं घट्ट धरून ठेवलेला कायदा मोडीत निघाला. आणि ज्या दिवशी तो मोडीत निघाला त्याच दिवशी दुसऱ्या एका कायद्यानं, ज्या गरीब कुळांनी ती २,०५७ मतं दिली होती त्यांतल्या बहुतेकांचं मत कायमचं काढून घेतलं.

या मतदारसंघाचं नाव क्लेअर काउंटी. वेस्टमिन्स्टरच्या संसदेत तो १८०१ ते १८८५ होता, त्याआधी डब्लिनच्या आयरिश संसदेत होता. आयर्लंडचा इतिहास सांगताना त्या एका पोटनिवडणुकीचा उल्लेख होतो आणि गाडी पुढे निघून जाते. मला मात्र या मतदारसंघाचा सगळाच प्रवास समजून घेण्यासारखा वाटतो. मत कोणाला मिळतं, कोण देतं, कोण काढून घेतं, आणि मत हातात असूनही ते आपलं नसणं म्हणजे काय, हे सगळं या एका जिल्ह्यात पाहायला मिळतं.

आधी जागा नीट समजून घेऊ. आयर्लंडमध्ये ३२ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्लेअरच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला आणि पूर्वेला शॅनन नदी, उत्तरेला बरेनचा उघडाबोडका चुनखडीचा माळ. तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेला, शेतीवर जगणारा, गरीब आणि जवळपास पूर्णपणे कॅथलिक असा हा मुलूख. जमीन मात्र बव्हंशी प्रॉटेस्टंट जमीनदारांकडे. एनिस हे मुख्य ठिकाण. काउंटीचं न्यायालय तिथंच होतं आणि मतदानही तिथंच व्हायचं.

१८०० पर्यंत आयर्लंडला डब्लिनमध्ये स्वतःची संसद होती. तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सभासद. प्रत्येक काउंटीला दोन जागा, म्हणजे काउंट्यांच्या मिळून ६४. डब्लिन विद्यापीठाच्या दोन सोडल्या तर उरलेल्या सगळ्या जागा ‘बरो’च्या, म्हणजे सनद मिळालेल्या गावांच्या आणि शहरांच्या. यातली कित्येक गावं नावापुरती होती. मूठभर मतदार, आणि तेही एखाद्या घराण्याच्या मुठीत. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची संसद बंद झाली आणि आयरिश सभासद लंडनला जाऊ लागले, तेव्हा ३०० जागांच्या १०० करण्यात आल्या. काउंट्यांच्या ६४ जागा तशाच राहिल्या, कात्री लागली ती बरोंना. जो बरो रद्द झाला त्याच्या मालकाला सरकारनं १५,००० पौंड भरपाई दिली. मतदारसंघ रद्द झाला म्हणून मालकाला नुकसानभरपाई! त्या काळी मतदारसंघ ही एक स्थावर मालमत्ता होती, हे याहून स्पष्ट कशानं होणार?

क्लेअरसारख्या काउंट्यांचं तसं नव्हतं. तिथं मतदार हजारांत होते. पण त्या हजारोंची अवस्था काय होती, ते पाहायला हवं.

काउंटीत मत देण्यासाठी ‘फ्रीहोल्डर’ असावं लागे, आणि त्या जमिनीतून वर्षाला किमान ४० शिलिंगांचं, म्हणजे दोन पौंडांचं उत्पन्न सुटावं लागे. इंग्लंडमध्ये फ्रीहोल्ड म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्या मालकीची जमीन. आयर्लंडमध्ये गोष्ट वेगळी. तिथल्या पद्धतीनुसार, ठरावीक वर्षांच्या कराराऐवजी कोणाच्या तरी आयुष्यभराच्या मुदतीनं जमीन कसायला दिली, तर तेही कायद्याच्या दृष्टीनं फ्रीहोल्ड ठरे. करारात बहुधा तीन माणसांची नावं घालत. त्या तिघांपैकी एक जण जरी जिवंत असला तरी करार चालू. कूळ स्वतःचं, मुलाचं, नाहीतर एखाद्या धडधाकट शेजाऱ्याचं नाव घाली. काही करारांत तर राजघराण्यातल्या मुलांची नावंही आढळतात, कारण ती जगली की मेली हे साऱ्या देशाला कळे आणि त्यावरून भांडण होण्याचा प्रश्न नसे.

त्यामुळे झालं असं की, जेमतेम बटाटे पिकतील एवढ्या तुकड्यावर गुजराण करणारं कूळसुद्धा कागदोपत्री मतदार होऊ शकत होतं. पण १७२८ पासून कॅथलिकांना मतच नव्हतं. ते परत मिळालं १७९३ साली. लगेच जमीनदारांनी हिशेब केला : जितकी कुळं, तितकी मतं. जमिनीचे तुकडे पाडून, आयुष्यभराचे करार लिहून देऊन त्यांनी ४० शिलिंगवाल्या मतदारांची पलटणच उभी केली. लोकशाहीची तळमळ यात कुठंच नव्हती. ज्याच्या पदरी जास्त मतदार, त्याचं सरकारदरबारी वजन जास्त, एवढंच.

ही मतं जमीनदाराकडेच वळणार याची खात्री होती, कारण मतदान उघड होतं. मतदारानं एनिसच्या न्यायालयात यायचं, नाव सांगायचं, आपली जमीन कुठली ते सांगायचं आणि मग सगळ्यांच्या देखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं उच्चारायचं. कारकून ते वहीत टिपून घेई. समोर जमीनदाराचा कारभारी उभा असे. कुळाचं भाडं बहुतेक वेळा थकलेलं असायचंच. कारभाऱ्यानं नुसती नजर रोखली तरी पुढचं कुळाला कळायचं : मनाविरुद्ध नाव घेतलं तर थकबाकीची मागणी येणार, आणि ती भरता आली नाही तर घरावर नांगर फिरणार. मतदानाच्या दिवशी कुळांना घोळक्यानं आणायचं आणि घोळक्यानं परत न्यायचं, ही रीतच होती. क्लेअरमध्ये ड्रोमोलंडचं ओब्रायन घराणं सर्वांत वजनदार. सर एडवर्ड ओब्रायन १८०२ ते १८२६ सलग क्लेअरचा खासदार होता, आणि नंतर त्याच्या जागी त्याचा मुलगा ल्यूशस आला.

तर कॅथलिक माणूस मत देऊ शकत होता. मग तो निवडून येऊ शकत होता का? इथं कायद्यात एक गंमतीशीर फट होती. कॅथलिकानं उमेदवार म्हणून उभं राहू नये असं कोणताच कायदा म्हणत नव्हता. अडथळा पुढे होता. निवडून आल्यावर सभागृहात बसण्याआधी जी शपथ आणि जे प्रतिज्ञापत्र करावं लागे, त्यात कॅथलिक धर्मातल्या मूळ श्रद्धा मूर्तिपूजा आणि अंधश्रद्धा आहेत असं म्हणावं लागे. कोणताही श्रद्धाळू कॅथलिक हे म्हणणार नाही, म्हणून तो आत बसणार नाही. दार उघडं दिसत होतं, उंबऱ्यावर मात्र आपल्याच धर्माला शिवी घातल्याशिवाय पाऊल ठेवता येत नव्हतं.

डॅनियल ओकॉनेल या फटीतून आत शिरला. केरी काउंटीतला हा नामांकित बॅरिस्टर. कॅथलिक असल्यामुळे वकिलीतल्या वरच्या पदांची दारं त्याला बंद होती. १८२३ मध्ये त्यानं रिचर्ड लॅलर शील याच्यासोबत कॅथलिक असोसिएशन सुरू केली. पुढच्या वर्षी वर्गणीची एक योजना आली, तिला ‘कॅथलिक रेंट’ म्हणत. महिन्याला एक पेनी, म्हणजे वर्षाला एक शिलिंग. रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या दाराशी वर्गणी गोळा व्हायची. पेनी देणारा मजूर या संस्थेचा सभासद ठरायचा. एका पेनीनं माणूस चळवळीचा भागीदार होतो, हे त्या काळात फार कमी पुढाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं. शिवाय या पैशाचा एक थेट उपयोग होता. जमीनदाराविरुद्ध मत दिल्याबद्दल एखाद्या कुळावर वसुली आलीच, तर त्याला मदत करता येत होती. १८२६ च्या निवडणुकीत वॉटरफर्ड काउंटीतल्या कुळांनी बेरेसफर्ड या बड्या घराण्याचा उमेदवार पाडला आणि असं घडू शकतं हे सिद्ध झालं. पण तिथं निवडून आलेला माणूसही प्रॉटेस्टंटच होता.

क्लेअरची पोटनिवडणूक आली ती योगायोगानं. जानेवारी १८२८ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन पंतप्रधान झाला. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्यानं २५ वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. जन्मानं आयरिश. तरुणपणी डब्लिनच्या जुन्या संसदेत ट्रिम या बरोचा सभासद. त्याच्या मंत्रिमंडळातून काही जण बाहेर पडले आणि व्यापार मंडळाचं अध्यक्षपद क्लेअरचा खासदार विल्यम वेसी-फिट्झगेराल्ड याला मिळालं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खासदारानं सरकारी लाभाचं पद घेतलं की त्याची जागा रिकामी व्हायची आणि त्याला पुन्हा मतदारांसमोर जावं लागायचं. ही नुसती औपचारिकता समजली जायची. त्यातून फिट्झगेराल्ड लोकप्रिय होता. कॅथलिकांना हक्क मिळावेत याच्या तो बाजूनं होता. त्याच्या वडिलांनी आयरिश संसद बंद करणाऱ्या १८०० च्या विलीनीकरणाला विरोध करून स्वतःचं मोठं पद गमावलं होतं. याला पाडायचं कारण काय?

कारण एक ठराव. वेलिंग्टन सरकारला पाठिंबा देणाऱ्या कोणालाही विरोध करायचा, असं असोसिएशननं ठरवलं होतं. त्यांनी मेजर विल्यम मॅकनमारा या स्थानिक प्रॉटेस्टंट जमीनदाराला गळ घातली, पण फिट्झगेराल्ड घराण्याचे आपल्यावर उपकार आहेत म्हणून त्यानं नकार दिला. तेव्हा, २४ जूनला, स्वतः ओकॉनेलनं आपण उभे राहत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हाच क्षण सर्वांत मोठा. तोपर्यंत चांगल्या प्रॉटेस्टंट माणसाच्या हातून हक्क मागायचे, अशी रीत होती. आता मागणारा स्वतः उभा राहिला.

पुढचे दहा-बारा दिवस क्लेअरमध्ये जे चाललं त्याचं वर्णन शीलनं लिहून ठेवलं आहे. तो स्वतः प्रचाराला होता. कोरोफिन गावी सर एडवर्ड ओब्रायन आपल्या कुळांना सांगायला, त्यांना सोबत न्यायला आला. आयुष्यभर ज्यांच्या मतांवर त्याचं घराणं उभं होतं, ती ही माणसं. त्याच गावात फादर मर्फी हा पाद्री होता. लोक सर एडवर्डकडे न जाता फादर मर्फीच्या मागोमाग चर्चमध्ये गेले. सर एडवर्ड वाईट जमीनदार नव्हता. तोही कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचा होता, म्हणून तर त्याला हे जास्त लागलं. पण आपण त्यांच्या बाजूनं आहोत म्हणजे त्यांची मतं आपलीच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. कुळांनी ते गृहीतच मोडून काढलं.

गावोगावचे पाद्री आपापल्या लोकांना घेऊन एनिसकडे निघाले. हिरव्या डहाळ्या हातात, पुढे वाजंत्री. हजारो माणसं एवढ्याशा गावात गोळा झाली. सरकारनं आसपास सैन्य आणून ठेवलं होतं, कारण आयरिश निवडणूक म्हणजे दारू आणि हाणामारी हे ठरलेलंच. ओकॉनेलच्या माणसांनी आधीच शपथ घालून दिली होती : निवडणूक संपेपर्यंत व्हिस्कीला हात लावायचा नाही, कोणी चिडवलं तरी हात उचलायचा नाही. आणि ती पाळली गेली. लंडनमध्ये बसलेल्या मंत्र्यांना दंगल झाली असती तर समजलं असतं, सैन्यानं ती मोडली असती. पण इतका मोठा गरीब जमाव इतका शांत राहतो, याचीच त्यांना धास्ती वाटली.

न्यायालयात अर्ज भरताना हरकत आली : कॅथलिक उमेदवार चालेल का? निवडणूक अधिकाऱ्याच्या कायदे-सल्लागारानं सांगितलं की उभं राहायला आणि निवडून यायला मनाई नाही, पुढचं संसद पाहील. फिट्झगेराल्डनं भाषण केलं. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा उल्लेख करताना त्याचा आवाज भरून आला आणि जमाव हेलावला. ओकॉनेलनं लगेच उठून ती हवा उतरवली. तो यात निर्दयच वाटतो, पण निवडणुकीच्या मंचावर तो नेहमीच तसा होता. पाच दिवस मतदान चाललं. ५ जुलैला निकाल लागला. जमीनदार जवळपास सगळे फिट्झगेराल्डकडे, मतदार दुपटीहून जास्त ओकॉनेलकडे.

ओकॉनेल लगेच लंडनला गेला नाही. शहाणपणा यातच होता. निवडून आलेला पण आत न बसलेला खासदार जितका काळ बाहेर राही, तितका सरकारवरचा दाब वाढत होता. गृहमंत्री रॉबर्ट पील आयुष्यभर कॅथलिकांना हक्क देण्याच्या विरोधात होता. पण क्लेअरमध्ये घडलं ते पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत काउंटीकाउंटीत घडणार, हे त्याला कळलं. दडपून टाकायचं तर यादवी ओढवायची. त्यानं मत बदललं आणि त्याची किंमतही मोजली. संसदेतल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जागेचा राजीनामा देऊन तो पुन्हा उभा राहिला, तर ऑक्सफर्डनं त्याला पाडलं. राजा चौथा जॉर्ज अडून बसला होता, त्याला वेलिंग्टननं वळवलं. १३ एप्रिल १८२९ रोजी कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. कॅथलिक माणूस आता संसदेत बसू शकत होता, काही मोजकी पदं सोडली तर बहुतेक सरकारी पदांवरही जाऊ शकत होता.

त्याच दिवशी मंजूर झालेला दुसरा कायदा आयर्लंडच्या काउंट्यांतल्या मताधिकाराबद्दलचा होता. ४० शिलिंगांची अट काढून १० पौंडांची घातली. पाचपट. आयर्लंडच्या सगळ्या काउंट्यांत मिळून सुमारे २,१६,००० मतदार होते, ते सुमारे ३७,००० वर आले. सरकारचं म्हणणं होतं की ४० शिलिंगवाला मतदार स्वतंत्र नसतो, आधी जमीनदार हाकतो, आता पाद्री हाकतात. एनिसला येऊन, कारभाऱ्याच्या तोंडावर, आपल्या छपराची पैज लावून ज्यांनी नाव उच्चारलं, त्यांना हे सांगितलं गेलं. जमीनदारांच्या सांगण्यावरून मत देत होते तोवर पस्तीस वर्षं त्यांच्या स्वातंत्र्याची कोणाला काळजी नव्हती.

ओकॉनेलनं याला विरोध नोंदवला, पण त्यासाठी रान उठवलं नाही. १८२५ मध्येही अशाच एका सौद्याला तो तयार झाला होता. त्याची बाजू समजून घेता येते : मोठं दार उघडत होतं, ते पुन्हा बंद होण्याचा धोका होता. तरीही मला हे प्रकरण डाचतं. मध्यमवर्गीय कॅथलिक वकील, व्यापारी, जमीनदार यांना संसद खुली झाली. ज्या कुळांच्या जिवावर हे झालं त्यांच्या हातात उरला तो तोच जमिनीचा तुकडा. आणि आता त्यांच्या मताला किंमत नसल्यामुळे त्यांना जमिनीवर ठेवण्याचं जमीनदाराकडे एक कारणही कमी झालं.

ओकॉनेलची स्वतःचीही शेवटची अडवणूक बाकी होती. नवा कायदा पुढच्या निवडणुकांना लागू असा लिहिला होता. मे १८२९ मध्ये तो सभागृहात गेला तेव्हा त्याच्या हातात जुनीच शपथ देण्यात आली. त्यानं ती वाचली आणि सांगितलं की यातलं एक विधान खोटं आहे हे मला ठाऊक आहे, आणि दुसरं खरं आहे असं मी मानत नाही. त्याची जागा रिकामी जाहीर झाली. ३० जुलैला क्लेअरनं त्याला बिनविरोध परत पाठवलं आणि फेब्रुवारी १८३० मध्ये तो आत बसला. त्याच वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत तो वॉटरफर्डला गेला. म्हणजे क्लेअरचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं असलं तरी क्लेअरचा खासदार म्हणून तो प्रत्यक्ष काही महिनेच बसला. एनिसमध्ये जिथं ते जुनं न्यायालय होतं, तिथं आज उंच खांबावर त्याचा पुतळा आहे.

हरलेल्या फिट्झगेराल्डचं काय झालं, हे मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. तो पुढे लॉर्ड झाला आणि १८४१ ते १८४३ लंडनमधल्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. आणि १८६७ ते १८७२ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेला सर सीमोर फिट्झगेराल्ड हा त्याचा अनौरस मुलगा. पुण्यातला बंड गार्डनचा जुना दगडी पूल फिट्झगेराल्ड ब्रिज म्हणून ओळखला जातो, तो याच सीमोरच्या नावानं. क्लेअरच्या कुळांनी ज्याला घरी बसवलं, त्याचं आडनाव मुळा-मुठेवर येऊन थांबलं.

१८३० नंतरच्या क्लेअरबद्दल थोडक्यात सांगितलं तरी चालेल. दोन जागा तशाच राहिल्या. मेजर मॅकनमारा, ज्यानं १८२८ ला नकार दिला होता, तो १८३० पासून बावीस वर्षं खासदार होता. त्याच्या जोडीला कॉर्नेलियस ओब्रायन. मोहेरच्या कड्यांवर पर्यटक ज्या दगडी बुरुजावर चढून समुद्र बघतात तो १८३५ मध्ये यानंच बांधला.

मग आला बटाट्याचा दुष्काळ. १८४१ च्या जनगणनेत क्लेअरची लोकसंख्या सुमारे २,८६,००० होती, १८५१ मध्ये सुमारे २,१२,०००. दहा वर्षांत दर चार माणसांमागे एक नाहीसा झाला, काही मेले, काही जहाजांत बसून गेले. किलरशच्या बाजूला जमीनदारांनी हजारो कुळांना घराबाहेर काढलं, मागे छप्परं पाडून टाकली. ज्यांचं मत १८२९ मध्ये गेलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरांचं हे झालं. १८५० मध्ये कायदा बदलून १२ पौंड मूल्याच्या जमिनीच्या भोगवटादाराला मत मिळालं, करार कसा आहे हा प्रश्न राहिला नाही आणि मतदार पुन्हा वाढले. पण मतदान उघडच होतं. जुलै १८५२ मध्ये सिक्समाइलब्रिज इथं जमीनदाराच्या बाजूच्या मतदारांना सैनिकांच्या पहाऱ्यात मतदानाला नेत असताना जमावाशी झटापट झाली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मारली गेली. गुप्त मतदान यायला अजून वीस वर्षं होती. ते १८७२ मध्ये आलं, आणि कारभाऱ्याची नजर पहिल्यांदाच निरुपयोगी ठरली.

गुप्त मतदानानंतर आयर्लंडमध्ये होमरूलवाल्या खासदारांचा गट वाढला. टिळकांनी १९१६ मध्ये जे नाव आपल्या संघटनेला घेतलं, ते याच आयरिश चळवळीतून आलेलं. क्लेअरमध्ये या काळात एक चमत्कारिक प्रकरण झालं. १८७७ मध्ये खासदार सर कोलमन ओलॉघ्लन वारला आणि मतदारांनी त्याचा भाऊ ब्रायन याला निवडून दिलं. ब्रायन त्या वेळी ऑस्ट्रेलियात होता आणि तिथंच राहिला. पुढच्या वर्षी तो व्हिक्टोरिया वसाहतीचा अ‍ॅटर्नी जनरल झाला. १८७९ मध्ये संसदेनं ठरवलं की त्यानं सरकारी लाभाचं पद घेतलं आहे, सबब जागा रिकामी. ज्या नियमामुळे १८२८ ची पोटनिवडणूक झाली, त्याच नियमानं क्लेअरमध्ये पुन्हा एक पोटनिवडणूक घडवली. ब्रायन नंतर व्हिक्टोरियाचा पंतप्रधानही झाला.

त्या १८७९ च्या पोटनिवडणुकीत निवडून आला ओगॉर्मन मॅहन. १८२८ साली एनिसच्या न्यायालयात ओकॉनेलचं नाव सुचवणारा तरुण म्हणजे हाच. मधल्या काळात द्वंद्वयुद्धं, परदेशांतल्या फौजा, दिवाळखोरी असं सगळं करून तो जवळपास ऐंशीच्या घरात परत आला होता. १८८० मध्ये त्याच्या जोडीला दुसऱ्या जागेवर आला कॅप्टन विल्यम ओशे. मॅहननंच ओशेची ओळख होमरूल पक्षाचा नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याच्याशी करून दिली. ओशेची बायको कॅथरिन आणि पार्नेल यांचं प्रेम जडलं, १८९० मध्ये घटस्फोटाचा खटला झाला आणि पार्नेलची कारकीर्द उद्ध्वस्त झाली, पक्ष दुभंगला.

त्याआधी पार्नेलनं एनिसमध्ये एक मोठं काम करून ठेवलं होतं. १९ सप्टेंबर १८८० रोजी तिथल्या सभेत त्यानं शेतकऱ्यांना विचारलं की, हुसकावून लावलेल्या कुळाची जमीन जो दुसरा माणूस घेतो त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याला एकटं पाडा, कोणी त्याच्याशी बोलू नका. काही दिवसांतच मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर हे अस्त्र चाललं आणि त्याचं नाव जगभर झालं. बावन्न वर्षांपूर्वी याच एनिसनं व्हिस्की न पिता, हात न उचलता निवडणूक जिंकली होती. तेव्हा कुळांकडे मत होतं. आता बहुतेकांकडे मत नव्हतं, तर त्यांनी एकमेकांतला अबोला वापरला.

१८८४ च्या कायद्यानं घर चालवणाऱ्या पुरुषांना काउंट्यांतही मत मिळालं आणि आयर्लंडमधली मतदारसंख्या सुमारे तिप्पट झाली. १८२९ मध्ये ज्यांना बाहेर काढलं, त्यांची नातवंडं पंचावन्न वर्षांनी परत आत आली. पण ज्या मतदारसंघात ती परत आली तो जुना राहिला नाही. १८८५ मध्ये जागांची फेरवाटणी होऊन प्रत्येकी एका सभासदाचे मतदारसंघ झाले आणि क्लेअर काउंटीचे पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे दोन भाग झाले. जुना मतदारसंघ कागदावरून गेला.

पूर्व क्लेअरचा खासदार विली रेडमंड जून १९१७ मध्ये बेल्जियममधल्या मेसिनच्या लढाईत मारला गेला. १० जुलैच्या पोटनिवडणुकीत, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाबद्दल फाशी सुनावली गेलेला, नंतर शिक्षा कमी होऊन नुकताच तुरुंगातून सुटलेला एमन डी व्हॅलेरा ५,०१० विरुद्ध २,०३५ मतांनी निवडून आला आणि जुन्या होमरूल पक्षाची अखेर दिसू लागली. १९२१ मध्ये आयर्लंडच्या नव्या संसदेसाठी क्लेअर पुन्हा एक मतदारसंघ झाला. डी व्हॅलेरा १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत तिथूनच निवडून येत राहिला. ऑगस्ट १९२३ मध्ये यादवी युद्ध नुकतंच थांबलेलं असताना तो एनिसला सभेत बोलायला उभा राहिला आणि सैनिकांनी त्याला मंचावरच अटक केली. त्या महिन्याची निवडणूक ही एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत असलेली आयर्लंडमधली पहिली निवडणूक होती. क्लेअरनं तुरुंगातल्या डी व्हॅलेराला मोठ्या मताधिक्यानं निवडून दिलं.